वाचनालयाची रोजकीर्द

सायंकाळी गल्ला मोजून झाला की पेढीवर रोजकीर्द लिहिली जाते. दिवसभरात काय आले, काय गेले आणि कोणाकडे काय बाकी राहिले, याचा मेळ बसल्याशिवाय दुकानाचे दार ओढले जात नाही. तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयातही दररोज अशीच एक रोजकीर्द लिहिली जाते. तिच्यात रुपयांचे आकडे थोडे आणि पुस्तकांचे क्रमांक पुष्कळ असतात. कोणी कोणते पुस्तक नेले, कोणते परत आले, कोणत्या कपाटातील पुस्तक वर्षानुवर्षे हललेच नाही, हे सारे त्या वहीतून वाचता येते. व्यापारी माणसाने ती एकदा चाळली, तर संस्थेची प्रकृती कशी आहे हे त्याला पाच मिनिटांत कळेल. मात्र त्यासाठी वाचनालयाची पायरी चढावी लागते, आणि अनेक घरांतील कर्त्या पुरुषांना ती पायरी शेवटची केव्हा चढलो हे आठवत नाही.

सकाळपासून रात्रीपर्यंत

अशा एका वाचनालयाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. गावाचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण हे चित्र महाराष्ट्रातील अनेक तालुक्यांच्या गावी थोड्याफार फरकाने सारखेच दिसते. बाजारपेठेच्या टोकाला दोन-तीन खोल्यांची जुनी इमारत, दर्शनी भिंतीवर संस्थापकांची छायाचित्रे, आणि दाराशी देणगीदारांची संगमरवरी पाटी. त्या पाटीवर गावातील जुन्या व्यापारी घराण्यांची आडनावे हमखास आढळतात. आजोबांनी दिलेल्या देणगीची रक्कम आज क्षुल्लक वाटते. पण ज्या काळी ती दिली गेली, त्या काळी तिच्यातून एक अख्खी खोली उभी राहिली होती.

सकाळी दार उघडते ते वर्तमानपत्रांसाठी. निवृत्त शिक्षक, बाजार समितीत आलेले शेतकरी, पहिल्या फेरीतून मोकळा झालेला एखादा एस.टी.चा वाहक, अशी मंडळी लांब टेबलाभोवती बसतात. मोफत वाचनकक्षाचे हे दार कोणालाही खुले असते. तेथे सभासदत्वाची चौकशी होत नाही. दुपारी घरातील कामे आटोपून स्त्रिया येतात. देवघेव विभागात खरी उलाढाल याच वेळी होते. ग्रंथपाल ताईंना प्रत्येकीची आवड पाठ असते. “काकू, तुम्ही सांगितलेल्या कादंबरीचा दुसरा भाग परत आला आहे, तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय,” असे त्या म्हणतात. “अहो ताई, दुसरा भाग राहू द्या, आता बारीक अक्षर दिसत नाही. ठळक टाइपाचे काही असेल तर ते द्या,” असे काकूंचे उत्तर येते. मग ताई उठतात, चार कपाटे शोधतात आणि जुन्या आवृत्तीतील मोठ्या अक्षरांचे एखादे चरित्र काढून देतात. या चार मिनिटांच्या सेवेची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. पण ती काकू पुढच्या आठवड्यात पुन्हा येते ती याच चार मिनिटांमुळे.

सायंकाळी शाळा सुटल्यावर बालविभागात गलका होतो. आणि पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालू असते ती अभ्यासिका. लोकसेवा आयोगाच्या, पोलीस भरतीच्या, बँकांच्या परीक्षांची तयारी करणारी आसपासच्या खेड्यांतील मुले-मुली डबा घेऊन येथे दिवसभर बसतात. घरी एकच खोली, त्यात दूरचित्रवाणी आणि लहान भावंडे, अशा परिस्थितीतील मुलीला शांत जागा, उजेड, पंखा आणि पिण्याचे पाणी मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यांच्या घरी प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे त्यांना सहसा उमगत नाही. गेल्या काही वर्षांत लहान गावांतील वाचनालयांनी सुरू केलेल्या सेवांपैकी सर्वाधिक रुजली ती हीच.

दोनशे वर्षांच्या उंबरठ्यावर

महाराष्ट्रातील या संस्थांचे वय पाहिले म्हणजे आदर वाटतो. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची स्थापना १८२८ ची. दोनच वर्षांनी, २०२८ मध्ये, त्याला दोनशे वर्षे पूर्ण होतील. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. यांतील अनेक संस्था आरंभी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने ओळखल्या जात. सरकारी अधिकारी, वकील, शिक्षक आणि सावकार एवढ्यांपुरताच त्यांचा परिघ होता. सामान्य माणूस तेथे पोहोचायला पुष्कळ काळ जावा लागला.

तो परिघ जाणीवपूर्वक मोठा करण्याचे श्रेय बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडे जाते. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञाला बडोद्यास बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. खेड्यापाड्यांतून पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झालेच होते. वाचायला शिकलेल्या माणसाच्या हाती पुढे वाचायला काही दिले नाही तर तो शिकलेले विसरेल, हा त्यामागचा विचार होता. आज नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना वाचकांच्या गटांना पुस्तकांच्या पेट्या पुरवते आणि त्या पेट्या परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंतही गेल्या आहेत. पेटीची कल्पना शंभर वर्षांनंतरही जुनी झालेली नाही.

व्यापारी समाजाचा या कामाशी असलेला संबंधही जुना आहे. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये दोन लाख रुपये दिले, आणि पुढे आपल्या मातोश्रींच्या नावे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. तोच राजाबाई टॉवर. सोलापुरात हिराचंद नेमचंद दोशी यांचे नाव आजही सार्वजनिक वाचनालयाला आहे. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे ते वडील. कापडाचा व्यापार सांभाळून त्यांनी १८८० च्या दशकात ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू केले आणि समाजसुधारणेचा आग्रह धरला. मुंबईचा मनोरा पाहायला लोक लांबून येतात. पण सोलापूरसारख्या पेठेच्या शहरात सर्व जातिधर्मांच्या वाचकांसाठी खुल्या असलेल्या वाचनालयावर एका व्यापाऱ्याचे नाव असणे, ही कमी मोलाची गोष्ट नव्हे.

तिजोरी आणि पेढी

ग्रंथ सांभाळण्याची परंपरा जैन समाजाला नवी नाही. पाटण, जैसलमेर, खंबायत येथील ज्ञानभांडारांनी अनेक शतके ताडपत्रे आणि पोथ्या बासनांत बांधून जपल्या. विदर्भातील कारंजा येथील भांडारे हे महाराष्ट्रातील त्याचे ठळक उदाहरण. तेथील हस्तलिखितांवर डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांच्यासारख्या विद्वानांनी परिश्रम घेतले आणि १९३० च्या दशकात दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंतांचे अपभ्रंश ग्रंथ छापून बाहेर आले. मराठीच्या पूर्वरूपांचा अभ्यास करणाऱ्यांना त्यामुळे फार मोठे साधन मिळाले. पोथी जपली नसती तर ती छापता आली नसती, हे खरे. आणि बासन सोडले नसते तर जपूनही तिचा जगाला उपयोग झाला नसता, हेही तितकेच खरे.

भांडार आणि वाचनालय यांच्यातील फरक व्यापाऱ्याला एका वाक्यात सांगता येईल : एक तिजोरी आहे, दुसरी पेढी. तिजोरीत माल सुरक्षित राहिला की काम झाले. पेढीवर माल फिरला पाहिजे. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतील पहिल्याच सूत्राचा रोख याकडे आहे. पुस्तकाचे सार्थक वापरात आहे. कुलूपबंद कपाटातील नवीकोरी प्रत हे ग्रंथपालाचे भूषण नव्हे. १२ ऑगस्ट हा रंगनाथन यांचा जन्मदिवस वाचनालयांतून ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो, तेव्हा प्रतिमेला हार घालण्याबरोबर हा हिशेबही मांडला जावा.

कायदा आणि जमाखर्च

ग्रंथालयांच्या बाबतीत कायदा करणारे भारतातील पहिले संस्थान म्हणजे कोल्हापूर. तो कायदा १९४५ चा. पुढे महाराष्ट्र राज्यासाठी १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला. त्यानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रे व नियतकालिके, कर्मचारी आणि इमारत यांच्या निकषांवर त्यांना ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ असे वर्ग मिळतात, आणि वर्गानुसार शासनाचे परिरक्षण अनुदान मिळते. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून तपासणी होते. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून, १९७२ पासून, पुस्तके, कपाटे आणि इमारत यांसाठीही साहाय्य मिळते.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. तमिळनाडू आणि कर्नाटक या राज्यांत मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर घेतला जातो, आणि ग्रंथालयांसाठी निश्चित निधी उभा राहतो. महाराष्ट्रात असा उपकर नाही. येथील बहुतांश वाचनालये शासनाने चालवलेली नसून नागरिकांनी स्थापन केलेल्या नोंदणीकृत संस्था आहेत. अनुदान हप्त्यांनी येते, ते कधी वेळेवर तर कधी उशिरा. उरलेली तोंडमिळवणी वर्गणी, अनामत, अभ्यासिकेचे शुल्क आणि देणग्या यांतून करावी लागते. याचा सर्वांत मोठा भार पडतो तो कर्मचाऱ्यांवर. अनुदानित ग्रंथालयांतील सेवकांना वेतनश्रेणी नाही. ती मिळावी ही त्यांची मागणी अनेक वर्षांची आहे. ज्या ताई गावातील शेकडो वाचकांची आवड ध्यानात ठेवतात, त्यांच्या महिन्याच्या मानधनाचा आकडा ऐकला तर दुकानात नुकत्याच लागलेल्या मुलालाही संकोच वाटेल. संस्था टिकून आहे ती कायद्याइतकीच या माणसांच्या चिकाटीवर.

वर्षभराचे उपक्रम

तरीही लहान गावांतील वाचनालये वर्षभर काहीना काही करीत असतात. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीदिनी, मराठी भाषा गौरव दिन होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून या दिवशीच्या कार्यक्रमांना अधिक रंग चढला आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळली जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथोत्सव भरतो. २०२५ च्या जानेवारीतील पहिल्या पंधरवड्यात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम महाविद्यालयांबरोबर सार्वजनिक ग्रंथालयांतही झाला. सामूहिक वाचन, पुस्तक परीक्षण, ग्रंथालयाची स्वच्छता, लेखकांशी संवाद असे त्याचे स्वरूप होते.

या सर्वांत वाचकांना मनापासून प्रिय असलेली सेवा म्हणजे दिवाळी अंक योजना. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी आणि वाचन यांची मराठी घरांत जोडी जमली. आज एकेका अंकाची किंमत पाहता दहा-वीस अंक विकत घेणे सर्वांना परवडत नाही. वाचनालय थोड्या शुल्कात सगळे अंक पुढचे काही महिने फिरवते. व्यापारी कुटुंबांत दिवाळीचे दिवस वहीपूजनाचे आणि गिऱ्हाइकीचे. अंक उघडायला सवड मिळते ती पाडवा, भाऊबीज उलटल्यावर. तोवर मागे राहिलेले अंक वाचनालयात मिळतात, हे दुकानदाराच्या दृष्टीने सोयीचेच आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी गोष्टींचे वर्ग, हस्ताक्षर आणि चित्रकला, वाचलेल्या पुस्तकाविषयी पाच वाक्ये बोलण्याची स्पर्धा होते. काही ठिकाणी ज्येष्ठ सभासदांना घरपोच पुस्तके दिली जातात. संगणक आलेल्या वाचनालयांत मराठी विश्वकोशाचे वाई येथे सिद्ध झालेले वीसही खंड मोफत वाचता येतात. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयावर नोंदणी करून विद्यार्थ्यांना अभ्याससाहित्य मिळते. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही अशा दृष्टिबाधितांसाठी २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले आहे. अशा वाचकांसाठी पुस्तकांच्या सुगम प्रती सहज तयार व्हाव्यात म्हणून झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ मध्ये जगातील पहिला देश ठरला. ही सोय आपल्या तालुक्यातील एखाद्या अंध विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवायची तर त्याला नोंदणीसाठी मदत करणारा माणूस हवा, आणि तो माणूस वाचनालयाच्या टेबलामागेच सापडण्याचा संभव अधिक.

मेळ कोठे बसत नाही

आता रोजकीर्दीकडे पुन्हा वळावे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि वाचनालयांची दारे ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. दार उघडल्यानंतर सर्व सभासद परतले नाहीत. काहींच्या हाती तोवर भ्रमणध्वनी पक्का बसला होता. काही वृद्ध वाचक तर राहिलेच नव्हते. अभ्यासिका मात्र भरली, आणि भरतच गेली. त्यामुळे अनेक ठिकाणी एक विचित्र दृश्य दिसते. वाचनालयाच्या इमारतीत दिवसभर माणसांची वर्दळ आहे, एकही खुर्ची रिकामी नाही. आणि पलीकडच्या खोलीत हजारो पुस्तके धूळ खात उभी आहेत. परीक्षार्थी आपापली मार्गदर्शक पुस्तके आणि छायाप्रती घेऊन येतात, वर्ष-दोन वर्षे बसतात, निवड झाली तर पेढे देऊन आणि न झाली तर न सांगता निघून जातात. मधल्या काळात त्यांतील अनेकांनी पलीकडच्या कपाटाला हातही लावलेला नसतो.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जागेचे भाडे वसूल होते आहे, माल मात्र उठत नाही. अशा वेळी विश्वस्त मंडळात एक सूचना हमखास पुढे येते : पुस्तकांची खोलीही अभ्यासिकेला देऊन टाकावी, उत्पन्न वाढेल. सूचना करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. विजेचे देयक त्यालाच भरायचे असते. परंतु त्या दिवशी वाचनालयाची पाटी तीच राहिली तरी आतली संस्था निराळी होईल. दुपारी येणाऱ्या काकू आणि सायंकाळी येणारी मुले यांना मग जायला जागा उरणार नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे काही जाणत्या ग्रंथपालांनी साध्या उपायांनी दाखवून दिले आहे. अभ्यासिकेच्या दाराशीच एक उघडे कपाट ठेवून त्यात चरित्रे, प्रवासवर्णने आणि लहान कथासंग्रह मांडायचे. अभ्यासाचा कंटाळा आलेला मुलगा उभ्याउभ्या चार पाने चाळतो आणि कधीतरी पुस्तक घरी नेतो. टेबलावर मागणीवही ठेवायची, आणि नवी खरेदी त्या वहीतील नोंदी पाहून करायची. फाटकी, कालबाह्य, कोणीच न नेणारी पुस्तके नियमानुसार बाद करायची, म्हणजे चांगली पुस्तके नजरेस पडतात. स्पर्धा परीक्षेत यशस्वी झालेल्या जुन्या विद्यार्थ्याला बोलवायचे, तेव्हा त्याने केवळ गुणांची युक्ती न सांगता एखाद्या पुस्तकाविषयीही बोलावे, अशी विनंती करायची. यांतील कोणत्याही उपायाला मोठा खर्च नाही.

आणखी एक उपाय तर पूर्णपणे बाजारपेठेच्या हातात आहे. अनेक गावांत बाजारपेठेची साप्ताहिक सुट्टी आणि वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी एकाच वारी येते. इतर सहा दिवस दुकान उघडते तेव्हा वाचनालय उघडते, आणि दुकान बंद होते तेव्हा तेही बंद झालेले असते. मग दुकानदाराने जायचे केव्हा? व्यापारी संघटनेने वाचनालयाला एक पत्र देऊन सुट्टीचा वार बदलण्याची विनंती केली, तर गावातील निम्मी पेठ सभासद होऊ शकेल. इतकी साधी अडचण वर्षानुवर्षे तशीच राहते, याचे कारण दोन्हीकडच्या माणसांची गाठच पडत नाही.

घराण्याच्या वाट्याला आलेले काम

देणगीदारांच्या पाटीवर आजोबांचे नाव आहे, याचा अभिमान प्रत्येक घराण्याला असतो. नातवाने काय करावे, हा खरा प्रश्न आहे. देणगी द्यायची असेल तर मार्ग मोकळे आहेत. कंपनी कायद्यातील सामाजिक उत्तरदायित्वाच्या यादीत सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी हा विषय स्पष्टपणे समाविष्ट आहे. ज्या उद्योगांना ती तरतूद लागू होते त्यांनी तालुक्याच्या वाचनालयाचा विचार करावा. व्यक्तिगत देणगीवर करसवलत हवी असेल तर संस्थेची त्यासाठी नोंदणी आहे किंवा नाही, हे आपल्या करसल्लागाराकडून पाहून घ्यावे. पण इमारतीवर नाव लागेल एवढ्याच कामाला पैसे देण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. वाचनालयाला आज भिंतींपेक्षा ग्रंथपालाच्या मानधनाची, मासिकांच्या वर्गणीची, पुस्तकांच्या बांधणीची आणि बालविभागातील नव्या पुस्तकांची गरज आहे. एका घराने दहा नियतकालिकांची वर्षभराची वर्गणी भरली, तर त्याचा उपयोग रोज सकाळी दिसतो.

घर आवरताना निघालेली पाठ्यपुस्तके आणि जुनी मासिके पोत्यात भरून वाचनालयाच्या दाराशी नेऊन टाकणे, याला ग्रंथदान म्हणू नये. ज्या मालाला दुकानात किंमत उरलेली नाही, तो दानात दिल्याने पुण्याचा होत नाही. देण्याआधी ग्रंथपालांना यादी दाखवावी. त्यांना हवी असतील ती पुस्तके द्यावीत, बाकीची रद्दीत घालावीत.

पैशापेक्षा मौल्यवान अशी एक गोष्ट व्यापारी घरांकडे आहे, ती म्हणजे हिशेबाची शिस्त. अनेक लहान वाचनालयांना वार्षिक तपासणीच्या वेळी कागदपत्रांचीच अडचण होते. दाखल नोंदवही आणि कपाटातील पुस्तके यांचा मेळ, जमाखर्च, लेखापरीक्षण या कामांत महिन्यातून दोन तास देणारा एखादा तरुण सनदी लेखापाल कार्यकारिणीवर असला, तर संस्थेचा वर्ग खाली येण्याचे संकट टळते. वर्ग खाली आला की अनुदान घटते, अनुदान घटले की पुस्तके कमी येतात, आणि पुस्तके कमी आली की वाचक गळतात. ही साखळी जिथे तुटते तिथे ती जोडण्याचे काम ज्याला खतावणी कळते त्यालाच सुचते.

आणि सर्वांत सोपे काम म्हणजे सभासद होणे. घरातील चार माणसांची वर्षभराची वर्गणी हॉटेलातील एका जेवणापेक्षा अधिक होत नाही. सासूबाईंसाठी ठळक अक्षरांचे चरित्र, सूनबाईंसाठी कादंबरी, मुलांसाठी गोष्टी आणि दुकानाच्या गादीवर दुपारच्या मंदीत वाचायला एखादे प्रवासवर्णन. आईवडिलांना पुस्तक बदलून आणताना पाहिलेले मूल वाचनाविषयीच्या शंभर उपदेशांपेक्षा त्या एका दृश्यातून अधिक शिकते.

रात्री अभ्यासिकेतील शेवटची मुलगी वही मिटते, डबा पिशवीत ठेवते आणि निघते. ताई दिवे मालवण्यापूर्वी दिवसाची नोंद पूर्ण करतात : इतकी पुस्तके गेली, इतकी परत आली. त्या ओळीखाली आणखी किती नावांना जागा आहे, हे वहीचे कोरे पान सांगत असते. आपल्या घराचे नाव देणगीच्या पाटीवर असेल तर आनंदच आहे. पण या आठवड्याच्या रोजकीर्दीत ते आहे का, हे एकदा जाऊन पाहावे.